अंगणात ५० वॅटचा पांढरा फोकस हवाच कशाला?

नभदर्शी: पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ दिव्यांच्या उजेडापासून जपलेली जागा म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. मग फार्महाउसवाल्यांना काय अडचण? ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर-पांढऱ्या उजेडाचा फोकस भिंतीवर तिरका ठोकला की अंगणासोबत शेजाऱ्याची खिडकी आणि आभाळही उजळतं. त्याऐवजी अडीच-तीन मीटर उंचीवर ९ वॅटचा, २७०० केल्विनचा म्हणजे पिवळसर उजेडाचा, वरून झाकलेला दिवा दारापुढे पुरतो.

शिवारकर: दारापुढे पुरेल हो, गोठ्यापर्यंतच्या वाटेचं काय? विंचूकाट्याचं भय, त्यात चोऱ्या. शिवाय पिवळ्या उजेडात कॅमेऱ्यात कपड्यांचा रंग धड ओळखू येत नाही.

नभदर्शी: वाट उजळायची तर दिवा वाटेवर लावा, घराच्या भिंतीवर नको. फोकस थेट डोळ्यांत आला की बाहुली आकसते आणि त्यामागचा अंधार आणखी गडद वाटतो. चोराला तेच हवं असतं. राहिले साप. निळसर-पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, त्यांच्यामागे बेडूक, बेडकांमागे साप.

तारजोड: दोघंही रंगावर अडलात. पिवळा फोकस तिरका ठेवला तरी आभाळात जायचा तो उजेड जातोच. आधी कोन बघा: ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट सैल करा, काच जमिनीला समांतर आणा, घट्ट करा. खर्च शून्य. फक्त असं वळवल्यावर वायर शिरते ती जागा वर येते आणि पहिल्याच पावसात पाणी आत जातं. तिथे सिलिकॉन भरा, वायरला खाली लोंबता वळसा द्या. हालचाल टिपून दिवा लावणारा सेन्सर बसवणार असाल तर न्यूट्रल जोडायचा, तीन तारांचा घ्या. दोन तारांच्या सेन्सरवर बंद एलईडीही कधी कधी मंद जळत राहतो.

शिवारकर: सेन्सर कुत्र्या-मांजरांनीच चालू होतो. रात्रभर उघडझाप, ती जास्त छळते.

तारजोड: लेन्सच्या खालच्या पट्ट्यावर काळी टेप चिकटवा, वेळ एक मिनिटावर ठेवा, हलणाऱ्या फांदीकडे तोंड नको. मात्र मे महिन्यात हवा अंगाइतकी तापलेली असेल तर माणूसही उशिरा टिपला जातो, हे खरं.

शिवारकर: आणि विहिरीवर? शेतीची लाइन बऱ्याचदा रात्री येते. मोटार चालू करायला फोकस लागतोच.

नभदर्शी: लागतो ना, पण तेवढ्यापुरता. स्टार्टरच्या पेटीशेजारी वेगळं बटण द्या.

तारजोड: बटण नको. चालू असताना लाइन गेली की माणूस निघून जातो आणि ती परत आल्यावर फोकस सकाळपर्यंत जळतो. दाबलं की दहा मिनिटांनी आपोआप बंद होणारा, जिन्यात लावतात तसला टायमर बसवा.