मदत हवी आहे: डीसीएफ७७ ची पॅरिटी जुळते, तरी वेळ चुकते

जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून येणारा ७७.५ किलोहर्ट्झचा डीसीएफ७७ हा अचूक वेळ सांगणारा रेडिओ सिग्नल आर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर डिकोड करतो आहे. रिसीव्हर मॉड्यूलला ३.३ व्होल्ट, आउटपुट पिन २ वर, १० किलोओहमचा पुल-अप रोधक. इंटरप्टमध्ये (पिनची पातळी बदलताच चालणाऱ्या कोडमध्ये) पल्सच्या दोन्ही कडांची वेळ नोंदवतो.

दर सेकंदाला एक पल्स, म्हणजे एक बिट: १०० मिलिसेकंदांचा पल्स म्हणजे ०, २०० चा म्हणजे १. प्रत्यक्षात ७० ते १३० आणि १७० ते २३० येतात, म्हणून सीमा १५० वर. ५९व्या सेकंदाला पल्स नसतो, त्यावरून मिनिटाची सुरुवात बिनचूक सापडते. तिथवर ठीक.

अडचण अशी की ५ ते २० मिलिसेकंदांचे फुटकळ पल्स मध्येच घुसतात. ४० पेक्षा लहान ते टाकून देतो, पण एखादा खड्डा खऱ्या पल्सच्या मधोमध पडला की त्याचे दोन तुकडे होऊन १ चा ० होतो. बिट २१ ते २७ मध्ये, म्हणजे मिनिटांच्या गटात, असे दोनदा झाले की बिट २८ ची पॅरिटी (१ ची संख्या सम आहे का, ही चूक पकडायची तपासणी) बिनबोभाट जुळते!

अँटेना लॅपटॉप आणि स्विचिंग अडॅप्टरपासून दोन मीटर लांब नेली, फेराइट रॉड ट्रान्समीटरच्या दिशेला काटकोनात ठेवला. फरक पडला, रोग गेला नाही.

दर १० मिलिसेकंदांनी नमुने घेऊन सेकंदाच्या १०० ते २०० मिलिसेकंदांत बहुमत मोजावे, की लागोपाठच्या तीन मिनिटांची वेळ एकेकाने वाढते का एवढे तपासणे पुरे? पहिला मार्ग असेल, तर सेकंदाची सुरुवात कशी धरून ठेवता? ऊनोच्या मुख्य चिपच्या घड्याळाला क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे; तो हळूहळू सरकतोच.