विमानातून इंटरसेप्टर सोडायची कल्पना अमेरिकेनं का गुंडाळली?

उडता_भोवरा (धागाकर्ता)

इंटरसेप्टर म्हणजे शत्रूचं मिसाईल हवेतच पाडणारं मिसाईल. ३ डिसेंबर २००७ ची गोष्ट. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स चाचणी क्षेत्रावर एका एफ-१६ नं मिसाईल सोडलं आणि त्यानं नुकत्याच उडालेल्या, अजून इंधन जळत असलेल्या ओरायन रॉकेटचा वेध घेतला. नवीन काही बनवलेलं नव्हतं. लढाऊ विमानांवरच्या साइडवाइंडर मिसाईलचा उष्णता शोधणारा डोळा थोडा सुधारून वापरला होता. रेथिऑन कंपनीचा पुढचा बेत हाच डोळा हवेतून हवेत मारा करणाऱ्या अ‍ॅमरॅमच्या अंगाला लावायचा होता, म्हणजे विमानात काही फेरफार न करता नेहमीच्याच रेलवर बसलं असतं. प्रकल्पाचं नाव एनकेड. पुढे तो विरून गेला.

मला हे पटत नाही. बॅलिस्टिक मिसाईल (इंजिनाच्या जोरावर वर चढून मग फेकलेल्या दगडासारखं खाली येणारं) पाडायला सर्वांत सोपी वेळ कुठली? ते वर चढत असताना. ज्वाला शेकडो किलोमीटरवरून दिसते, वेग अजून पुरता आलेला नसतो, फसवे गोळे सुटलेले नसतात, आणि मलबा पडला तर ज्यानं डागलं त्याच्याच अंगणात. त्यात १२ किमी उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या पावपट दाट, त्यामुळे छोटं रॉकेटही लांब जातं.

१९९१ च्या आखाती युद्धात पश्चिम इराकवर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकांनी ४२ वेळा स्कड (इराकचं बॅलिस्टिक मिसाईल) उडताना डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या फक्त ८ वेळा लाँचरवर बॉम्ब टाकण्याइतकं लक्ष्य सापडलं. उरलेल्या वेळी नुसतं बघत बसले. पंखाखाली एनकेडसारखं काही असतं तर? पैसा मात्र गेला ७४७ वर बसवलेल्या लेझरकडे. पाच अब्ज डॉलरच्या वर खर्च, फेब्रुवारी २०१० मध्ये एक मिसाईल जाळून दाखवलं, आणि २०१२ मध्ये विमान वाळवंटात उभं.

आपल्याकडे ‘मिशन सुदर्शन चक्र’ ही हवाई आणि मिसाईल संरक्षणाची योजना जाहीर झाल्यापासून सगळी चर्चा जमिनीवरच्या बॅटऱ्यांचीच चालली आहे. सुखोईवरून इंटरसेप्टर हा पर्याय निदान तपासायला काय हरकत आहे?

हिशोबनीस

हरकत घड्याळाची आहे. स्कडचं इंजिन साधारण एक मिनिट चालतं. ते उडालं हे कळणं, खरंच मिसाईल आहे याची खात्री, मग ट्रिगर, यात अर्धा मिनिट गेला असं धरा. उरलेल्या तीस सेकंदांत सेकंदाला सरासरी दोन किमी वेगानं जाणारा इंटरसेप्टर ६० किमी गाठेल. म्हणजे विमान जवळजवळ डोक्यावरच हवं. इंजिन विझल्यावर पोहोचलात तर वरातीमागून घोडं.

१९९१ मध्ये विमानं डोक्यावर फिरू शकली, कारण इराकचं हवाई संरक्षण आधीच मोडून पडलं होतं. रॉबर्ट गेट्स अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना त्या लेझरबद्दल हेच म्हणाले होते, की इराणवर नेम धरायचा तर विमान इराणच्याच हद्दीत फिरवत ठेवावं लागेल. आपलं उदाहरण घ्या. पाकिस्तानचा सरगोधा हवाई तळ सीमेपासून पावणेदोनशे-दोनशे किमी आत. मध्ये विमानं पाडणाऱ्या एचक्यू-९ बॅटऱ्या आणि लांब पल्ल्याची पीएल-१५ मिसाईलं घेतलेली जे-१० लढाऊ विमानं. तिथे सुखोई चोवीस तास गस्त घालणार?

आणि किती सुखोई? एक जोडी अखंड हवेत ठेवायची तर आठ-दहा विमानं आणि हवेत इंधन भरणारे टँकर त्यातच अडकतात. आपल्याकडे लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. टँकर सहा.

मुक्काम_ओझर

हिशोबनीस साहेब, वजनाचा तरी प्रश्न नाही. अडीच टनांचं ब्रह्मोस सुखोईखाली बसवायचं काम नाशिकलाच झालं आणि २२ नोव्हेंबर २०१७ ला ते डागूनही दाखवलं. त्यापुढे इंटरसेप्टर म्हणजे किरकोळ.

माझं म्हणणं वेगळं आहे. शत्रूच्या डोक्यावर जायचंच कशाला? लॉकहीड कंपनीची दुसरी कल्पना होती, एफ-१५ खाली पॅट्रियट या जमिनीवरच्या यंत्रणेचं पीएसी-३ मिसाईल लावायची. ती येणारं मिसाईल शेवटच्या टप्प्यात, आपल्याच हद्दीत पाडायची. बॅटरी हलवायला रेल्वे, रस्ते, दिवस लागतात. लोहगावचं सुखोई तासाभरात जामनगरवर असतं. ही लवचीकता कुठल्या ट्रकला आहे?

हिशोबनीस

@मुक्काम_ओझर, पण दाखवणार कोण? खाली कोसळत येणारं मिसाईल जवळजवळ डोक्यावरून येतं. लढाऊ विमानाचं रडार नाकासमोरच्या शंकूत बघतं. मग जमिनीवरचं मोठं रडार, आदेश केंद्र, डेटालिंक हे सगळं लागणारच. ते सगळं तिथे उभं करायचंच असेल तर शेजारी लाँचरचा ट्रक उभा करा. तो पेट्रोल पीत नाही, दमत नाही.

सातारी_बाणा

शिवाय रोज पंखाखाली लटकवून हिंडवलेलं मिसाईल थरथरीनं झिजतं राव. त्याच्या उड्डाणाचे तास मोजतात. न डागता परत आलं तरी त्याचं आयुष्य संपतच असतं.

कट्ट्यावरची

तुम्ही दोघंही अंतर मोजताय. मला भीती दुसरीच वाटते. तीस सेकंदांत कॉकपिटमधला माणूस ठरवणार की समोर चढतंय ते अणुबॉम्बचं मिसाईल आहे, चाचणी आहे की उपग्रह घेऊन जाणारं रॉकेट? वर विचारायला वेळच नाही. म्हणजे परवानगी आधीच देऊन ठेवायची. शांततेच्या काळात दुसऱ्या देशावर उडणारं रॉकेट पाडायची आगाऊ परवानगी कुठलं सरकार देईल?

आणि विमानं मिसाईल संरक्षणात बिनकामाची नाहीतच. १३-१४ एप्रिल २०२४ च्या रात्री इराणनं इस्रायलवर तीनशेहून जास्त ड्रोन आणि मिसाईलं सोडली. अमेरिकी विमानांनी सत्तरहून अधिक ड्रोन पाडले. बॅलिस्टिक मिसाईलं मात्र जमिनीवरून सुटणाऱ्या इस्रायली अ‍ॅरोनं आणि अमेरिकी विनाशिकांवरच्या एसएम-३ मिसाईलनं पाडली. एका एफ-१५ ची मिसाईलं संपल्यावर वैमानिकानं तोफेनं ड्रोन पाडायचा प्रयत्न केला, जमला नाही. खरी टंचाई इथे आहे. म्हणूनच आता अमेरिकी लोक एफ-१६ वर लेझरनं नेम धरणारी एपीकेडब्ल्यूएस रॉकेटं लावतात. अ‍ॅमरॅम दहा लाख डॉलरच्या घरात, हे पंचवीस-तीस हजारांत. सुखोईला द्यायचंच तर हे द्या.

उडता_भोवरा

ताई, ड्रोनचं मान्यच, पण तो प्रश्न वेगळा. दिसण्याबद्दल एवढंच सांगतो: एफ-३५ साठी बनवलेल्या कॅमेऱ्यांनी २०१० मध्ये फाल्कन-९ रॉकेट सुमारे १,३०० किमीवरून टिपलं होतं. डोळे आहेत. २०१९ च्या अमेरिकी मिसाईल संरक्षण आढाव्यात एफ-३५ वरून इंटरसेप्टरचा उल्लेख पुन्हा आला, तो उगाच नाही. २०२४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या सुपर हॉर्नेट विमानाखाली एआयएम-१७४ मिसाईल दिसलं, ते तर जहाजावरच्या एसएम-६ मिसाईलचंच रूप, आणि जहाजावरचं एसएम-६ बॅलिस्टिक मिसाईलंही पाडतं.

सरगोध्याचं गणित बसत नाही, हे दिसतंय. पण उत्तर कोरिया? दोन्ही बाजूंना समुद्र, देश चिंचोळा. गार्विन आणि पोस्टॉल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तर त्यासाठी ड्रोनवरून इंटरसेप्टर सुचवले होते, आणि पोस्टॉल हा मिसाईल संरक्षणाचा जुना टीकाकार. लांब पल्ल्याच्या मिसाईलचं इंजिन तीन-चार मिनिटं चालतं, स्कडसारखं एक नाही.

हिशोबनीस

ते गणित द्रव इंधनाच्या मिसाईलवर मांडलं होतं. १३ एप्रिल २०२३ ला किमनं घन इंधनाचं ह्वासाँग-१८ उडवलं. घन इंधन लवकर जळून संपतं, शिवाय उडवण्याआधी तास-तास भरत बसावं लागत नाही, म्हणजे आगाऊ सुगावाही कमी. आणि एआयएम-१७४ नौदलानं घेतलंय ते चीनची विमानं लांबून पाडायला. त्याच्या जिवावर मिसाईल संरक्षण उभं करू नका.

मुक्काम_ओझर

पाकिस्तानचं शाहीन मिसाईलही घन इंधनाचंच. म्हणून तर म्हणतोय, शेवटचा टप्पा धरा. रडार जमिनीवर असू दे, डेटालिंक असू दे, पण इंटरसेप्टर १२ किमीवरून सुटला तर एकच सुखोई ट्रकपेक्षा किती मोठा भाग झाकेल, ते हिशोबनीसांनी एकदा मांडून दाखवावं. अजून कोणी मांडलेलं नाही.