माहेरी आल्यावर अर्ज कुठल्या कोर्टात?

प्रश्न: मारहाणीमुळे बाई माहेरी आली, तर अर्ज सासरच्या गावीच करायचा का? वकिलाला पैसे नसतील तर?

उत्तर १: नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २७नुसार ती तात्पुरती राहते तिथलं कोर्टही चालतं. आधी संरक्षण अधिकाऱ्यांकडे (या कायद्याखाली नेमलेले अधिकारी) घटना अहवाल, म्हणजे काय घडलं त्याची नोंद, भरून घ्या. नुसतं ‘मारलं’ लिहू नका. तारीख, कशाने, कुठे लागलं, कोणी पाहिलं, सगळं येऊ द्या.

उत्तर २: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं, बायकांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. कलम १२च्या मुख्य अर्जासोबतच कलम २३चा अंतरिम अर्ज (निकाल लागेपर्यंत तात्पुरता आदेश मागणारा), शपथपत्रासह जोडा. नेमका तोच जोडायचा राहून जातो, मग नोटीस आणि तारखांतच महिने जातात.

उत्तर ३: संरक्षण आदेशाची (त्रास देऊ नये असा कोर्टाचा हुकूम) प्रत मोफत मिळते, ती जवळ ठेवा. आदेश मोडला तर कलम ३१, वर्षापर्यंत कैद. रात्री-अपरात्री महिला हेल्पलाइन १८१.