दीडशे फोटो काढले, वीज एकातही नाही. कुठे चुकतंय?

गच्चीवरचा_गडी
मंडळी नमस्कार, कराडजवळ गावात राहतो, सेकंडहँड निकॉन कॅमेरा घेतलाय, सोबत येते ती १८-५५ एमएमची कीट लेन्स धरून, आणि वळीव सुटला की ट्रायपॉड घेऊन गच्चीवर पळतो. आई म्हणते वाळवण गोळा करायला कधी असा धावला नाहीस. पण काल दीडशे फोटो काढले आणि वीज एकातही धड नाही. सेटिंग शटर (उजेड आत येण्याचा वेळ) २० सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६००, एफ ३.५ (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं ते मोठं). एकतर ढग पांढरेफटक नाहीतर नुसता अंधार, वर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो, 'जॉब एनआर' असं काहीतरी लुकलुकतं, आणि मोठी वीज नेमकी तेव्हाच पडते! कॅमेरा खराब लागलाय का? आणि उसाचं पाचट पेटवतात तेव्हाचा धूर पण काढायचाय.

रात्रपाळी
कॅमेरा ठणठणीत आहे रे. 'एनआर' म्हणजे नॉइज रिडक्शन, फोटोतले रंगीत ठिपके (नॉइज) कमी करणं. मेनूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असणार, ते बंद कर. २० सेकंदाचा फोटो झाला की कॅमेरा शटर बंद ठेवून परत २० सेकंदाचा काळा फोटो काढतो आणि त्यातला नॉइज वजा करतो, म्हणजे तू अर्धा वेळ आंधळाच.
आता आयएसओ. वीज म्हणजे निमिषभराचा उजेड, शटर ५ सेकंद उघडं ठेव नाहीतर २५, विजेची रेघ तेवढीच लख्ख येणार, ते ठरतं ॲपर्चर (तोच एफचा आकडा) आणि आयएसओवर. शटरमुळे फक्त गावातले दिवे नि आभाळ कमीजास्त होतं. आयएसओ १००, एफ ८ पासून सुरू कर, लांबची असेल तर ५.६. फोकस लांबच्या दिव्यावर लावून मॅन्युअल कर, नाहीतर अंधारात लेन्स नुसती घरघरत बसते. कंटिन्युअस मोडवर टाकून केबल रिलीज (वायरला लावलेलं शटरचं बटण) लॉक केलीस की चहा पीत बसायचं, कॅमेरा एकामागून एक काढत राहतो. रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) काढ.

सोलापुरी_ऊन
सेटिंगचं राहू द्या हो, आधी गच्चीवरून खाली या. वळवात गच्चीवर उंच लोखंडी ट्रायपॉडशेजारी उभं राहणं म्हणजे निमंत्रणच. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, ३ सेकंदाला साधारण १ किलोमीटर, ३० सेकंदांच्या आत आवाज आला की घरात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाकून ठेवा, आसपास कुठे पडतेय ते कळतं. रबरी चप्पल घातली म्हणून काही होत नाही, हा गैरसमज आहे.

गच्चीवरचा_गडी
दादा खिडकीतून काढलं की ग्रील येतं ना मधे...

सोलापुरी_ऊन
ट्रायपॉड घरातच ठेवून लेन्स दोन गजांच्या मधे धरा, ग्रीलला हात लावायचा नाही, आणि खोलीतला दिवा बंद. मी तर पत्र्याच्या टपाची गाडी लावून, काचा बंद करून आतूनच काढतो, काचेवर थेंब येतात पण चालायचंच. खरं सांगू, वादळ १५-२० किलोमीटर लांब असतानाच फोटो भारी येतो, ढगाचा अख्खा मनोरा दिसतो. डोक्यावर आलं की नुसता पांढरा पडदा.

पाचगणीकर_भुरटा
धुराचं मी सांगतो. भर दुपारी काढू नको, राखाडी चिखल येतो. मावळतीचा सूर्य धुरामागे ठेव, निळा उजेड विखरून जातो आणि तांबडा तेवढा उरतो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहू नको आणि फोटोसाठी कुणाला पेटवायला तर अजिबात सांगू नको, पाचट रानातच कुजवावं या मताचा मी. बाकी वळीव पडून गेल्यावर मे महिन्यात अमावस्येच्या आसपास मध्यरात्रीनंतर दक्षिणेला बघ, धूळ बसलेली असते, आकाशगंगा काय दिसते! तिथे मात्र तुझ्या जुन्या सेटिंगसारखंच कामाला येईल, एफ ३.५, आयएसओ ३२००, लेन्स १८ एमएमवर ठेवून १५ ते १८ सेकंद, त्यापुढे चांदण्यांच्या रेघा होतात.

गच्चीवरचा_गडी
अपडेट: एनआर बंद केलं, आतल्या खोलीच्या खिडकीतून आयएसओ १०० ला काढले. साठातल्या दोन फोटोंत वीज! एकात खाली आमच्या शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आलीये, पण ठेवणार आहे तोच.

रात्रपाळी
टाकी क्रॉप करू नको, तिच्यामुळेच वीज केवढी आहे ते कळतंय.