मदत हवी आहे : जुन्या कॅम्पर व्हॅनच्या दारांतून पाणी आत येते

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९८८ सालची फोक्सवागन टी-३ कॅम्पर व्हॅन आहे. हिलाच ब्रिटनमध्ये टी-२५ आणि अमेरिकेत व्हॅनागन म्हणतात. आम्ही मँचेस्टरजवळ राहतो आणि गाडी बाराही महिने घरासमोर उघड्यावर उभी असते. इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल तक्रार नाही, परंतु दोन दारांतून पाणी आत येते आणि त्याचा उगम नेमका कोठे आहे हे ठरवता येत नसल्यामुळे हा धागा काढत आहे. आपल्यापैकी कोणी जुन्या व्हॅनवर, मग ती कोणत्याही कंपनीची असो, असे काम केले असेल तर कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले दार पुढचे, प्रवाशाच्या बाजूचे. पाऊस पडून गेल्यावर या दाराच्या आतल्या डोअर पॅडची खालची कड ओली होते, हार्डबोर्ड फुगून आता क्लिपांपासून सुटू लागला आहे, आणि चढताना पाय ठेवतो त्या खोलगट पायरीत पाणी साचते. दार झटक्याने उघडले तर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. खिडकीच्या काचेवर आणि पुढच्या छोट्या त्रिकोणी काचेच्या रबरावर वरून पाणी टाकून पाहिले, तेव्हा काचेच्या आतल्या बाजूने एकही थेंब उतरला नाही. तरीही थोड्या वेळाने पॅडची खालची कड ओली झालीच. आधीच्या मालकाने या दारात स्पीकर बसवलेला आहे.

दुसरे दार म्हणजे मधले सरकते दार, आणि माझी खरी काळजी तेच आहे. जोराच्या पावसात दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब पडतात आणि तेथून ते आतल्या प्लायवुडच्या अस्तरामागे जातात. रबरी बीडिंग (दाराच्या कडेने पाणी अडवणारी पट्टी) ठिकठिकाणी चपटे झाले आहे, पण फाटलेले नाही. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद केले आणि पट्टी ओढून पाहिली. पुढच्या आणि खालच्या बाजूला ती घट्ट धरली जाते, परंतु मागच्या वरच्या कोपऱ्यात अगदी सहज निसटते. बाहेरून पाहिले तर दाराची मागची कड शेजारच्या पत्र्याच्या किंचित पुढे आलेली दिसते. आमच्या गाडीचे छप्पर उघडबंद होणारे नसून फायबरग्लासचे, उंच आणि कायमचे बसवलेले आहे. ते ज्या पन्हळीत टेकते, तेथल्या जुन्या सीलंटला याच दाराच्या वर भेगा पडल्या आहेत. त्यामुळे पाणी बीडिंगमधून येते की पन्हळीतून उतरून केवळ बीडिंगपाशी प्रकट होते, हे कळत नाही.

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली असता त्यांनी न तपासताच सगळ्या कडांना बाहेरून सिलिकॉन भरून देऊ असे सांगितले. आधीच्या मालकानेही सरकत्या दाराच्या खिडकीखाली सिलिकॉनचा जाड थर दिलेला आहे आणि त्याच्या कडेने रंगाखाली गंजाचे फोड आले आहेत, त्यामुळे तो मार्ग मला नको आहे.

घाईचे कारण असे की, डाव्या बाजूच्या उंबरठ्याचा पत्रा अजून शाबूत आहे आणि तो तसाच राहावा अशी इच्छा आहे. येथील वार्षिक एमओटी तपासणीत (गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का, याची तपासणी) सीटबेल्ट जेथे जखडलेला असतो त्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास होऊ शकते. गाडीला ४० वर्षे झाली की बहुधा या तपासणीतून सूट मिळेल, पण तोवर अवकाश आहे आणि सूट मिळाली म्हणून गंज थांबणार नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पुढच्या दारात पाणी नेमके कोठून शिरते आणि ते थांबवायचे कसे? सरकत्या दाराचे बीडिंग आधी बदलावे, की दार आधी नीट बसवून घ्यावे? पन्हळीतील भेगा आणि जुने सिलिकॉन यांचे काय करावे? आणि फायबरग्लासचे छप्पर न उतरवता हे काम टिकेल का?

पाना नंबर दहा :

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे पुढच्या दाराचे उत्तर देणे सोपे आहे. गाडीच्या दारात पाणी शिरणे हा दोष नव्हे. खाली-वर होणाऱ्या काचेच्या बाहेरच्या अंगाला असलेली रबरी पट्टी बरेचसे पाणी अडवते, सगळे नाही. उरलेले काचेवरून दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. दाराची रचनाच अशी केलेली असते. आपल्या दारात पाणी हिंदकळते याचा अर्थ ती छिद्रे धूळ, पाने आणि गंजाच्या पापुद्र्यांनी बुजली आहेत. प्लास्टिकच्या केबल टायने ती मोकळी करावीत. पेचकस घातल्यास रंग खरवडला जातो आणि नव्या गंजाला तेथूनच सुरुवात होते.

पण पॅड ओले होण्याचे कारण बहुधा वेगळे असावे. डोअर पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लास्टिकचा पडदा असतो आणि पोकळीतले पाणी पोकळीतच ठेवणे हेच त्याचे काम असते. स्पीकर बसवताना हा पडदा कापला जातो, किंवा कोणीतरी काचेची यंत्रणा दुरुस्त करताना तो उचकटून पुन्हा चिकटवतच नाही. पॅड उतरवा, काचेवर बाहेरून हळूहळू पाणी सोडा आणि आतून टॉर्चने पाहा. नवा पडदा जाड पॉलिथिनचा करावा आणि न वाळणाऱ्या ब्यूटिल पट्टीने चिकटवावा. त्याची खालची कड दाराच्या आतल्या पत्र्यातील फटीतून पोकळीत वळवून सोडावी, म्हणजे पडद्यावरून ओघळणारे पाणी दाराच्या आत पडेल, पॅडवर नाही. बहुतेक लोक येथेच चुकतात आणि मग पडदा नवा असूनही पॅड भिजते. स्पीकर ठेवायचाच असेल तर त्याच्या मागे प्लास्टिकची पन्हाळीसारखी टोपी मिळते, ती बसवावी. दार पूर्ण वाळल्यावर तळाला पोकळीचे मेण (पोकळ भागांत आतून फवारायचे गंजरोधक मेण) मारावे आणि त्यानंतर छिद्रे पुन्हा एकदा मोकळी करावीत, कारण ते मेणही छिद्रे बुजवते.

सरकत्या दारासाठी आधी उगम शोधा. होजपाइपची धार अगदी कमी ठेवून सुरुवात खालून करायची: प्रथम उंबरठा, मग दाराची मधली उंची, मग खिडकीचे रबर, मग वरची कड आणि सर्वांत शेवटी पन्हळ. प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबायचे आणि एका व्यक्तीने आत टॉर्च घेऊन बसायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच जोडांवरून वाहते आणि काहीच निष्पन्न होत नाही. प्रेशर वॉशर वापरू नये. त्या दाबाने चांगल्या बीडिंगमधूनही पाणी शिरते. खिडकी सरकत्या काचांची असेल तर तिच्या खालच्या चौकटीतील छिद्रेही तपासा, ती बुजली की चौकट भरून आतल्या बाजूला सांडते.

बीडिंग विकत घेण्यापूर्वी दाराची बैठक सुधारा. मागची कड पुढे आलेली आहे आणि कागद तेथेच निसटतो आहे, या दोन्ही गोष्टी एकाच कारणाकडे बोट दाखवतात. मधल्या रुळातला रोलर झिजला आहे का, दार हाताने उचलल्यावर मागे खाली-वर हलते का, कुलूप ज्यात अडकते तो भाग आत घ्यायला वाव आहे का, हे पाहावे. दार वाकडे असताना नवे बीडिंग घातले तर ते ताठ असल्यामुळे दार आपटून लावावे लागते आणि तरीही कोपरा उघडाच राहतो. नवे बीडिंग बसवताना ओढून ताणू नये, कारण ताणलेले रबर नंतर आक्रसते आणि कोपऱ्यांवर फट पडते. आधी कोपरे बसवून मग मधले भाग दाबावेत आणि जोड खालच्या बाजूला ठेवावा.

आता सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला गंजवते. शिवाय त्याचा पुसटसा थरही राहिला तर त्यावर रंग किंवा दुसरे सीलंट धरत नाही. प्लास्टिकच्या पात्याने आणि सिलिकॉन काढण्याच्या द्रावणाने ते संपूर्ण काढावे लागेल. पन्हळीतल्या भेगांवर नवा थर चढवणे व्यर्थ आहे, कारण भेगेतून गेलेले पाणी त्याच्याखाली अडकून राहते. जुने सीलंट निरोगी पत्रा लागेपर्यंत खरवडावे, गंज घालवून इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि त्यावर पॉलियुरेथेनचे सीम सीलंट भरून रंग द्यावा. छप्पर उतरवण्याचा निर्णय मात्र खरवडल्यानंतरच घ्या.

ओमनीवाला, रत्नागिरी :

ताई, माझ्याकडे जुनी मारुती ओमनी आहे. तिलाही सरकती दारे आहेत आणि आमच्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक असेलच. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टी जोडतो. बीडिंगवर टाल्कम पावडर लावून दार एकदा बंद करून उघडा. जेथे दाराच्या पत्र्यावर पावडर उमटत नाही तेथे रबर टेकतच नाही, आणि कागदापेक्षा हे एका नजरेत दिसते. दुसरे असे की, गाडी एकदा नाक वर करून आणि एकदा नाक खाली करून उतारावर उभी करून पाहा. थेंबाची जागा बदलली तर पाणी वर कोठेतरी शिरून पन्हळीतून वाहत येते आहे, जागा तीच राहिली तर दोष त्या कोपऱ्याचाच समजावा.

बीडिंगच्या आत धातूचा कणा असेल तर तो सैल होऊन पत्र्यावरची पकड सुटते. बीडिंग काढून तो पकडीने हलकेच दाबला की पुष्कळदा काम भागते. नवे येईपर्यंत चपट्या भागाच्या पोकळीत बारीक रबरी नळी सरकवून आम्ही एक पावसाळा काढला आहे.

पाना नंबर दहा :

नळीचा उपाय तात्पुरता म्हणून ठीक आहे, परंतु या गाडीत मी तो करणार नाही. एका कोपऱ्यात रबर जाड झाले की दार दुसऱ्या बाजूने आणखी बाहेर ढकलले जाते आणि बैठक जुळवताना आपल्याला चुकीचे माप मिळते. आणखी एक राहून गेले: प्लायवुडच्या अस्तरामागे काचलोकर असेल तर ती पाणी धरून ठेवते. दार दुरुस्त झाल्यावरही तेथील पत्रा आतून गंजत राहील, म्हणून त्या कोपऱ्यातले अस्तर आत्ताच उघडावे.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. दार उचलून पाहिले, तर मागच्या बाजूला ते स्पष्टपणे खाली-वर हलते; म्हणजे मधला रोलर आधी बदलावा लागेल आणि बीडिंगची खरेदी तूर्त थांबवत आहे. अस्तरामागे काचलोकरच आहे आणि खालचा भाग ओला लागला, तो कापून काढला. पत्र्यावर वरवरचा गंज आहे, भोक कोठेही नाही. कोरडे दिवस मिळताच पुढच्या दाराचा पडदा करून घेते आणि पाण्याची चाचणी खालून वर या क्रमाने घेऊन निष्कर्ष येथे लिहिते. तोवर एकच शंका: पन्हळीतले सीलंट खरवडताना फायबरग्लासच्या कडेला इजा होऊ नये म्हणून गरम हवेचे यंत्र वापरणे सुरक्षित आहे, की केवळ हाताने पात्यानेच काम करावे?