स्वतःचा फाउल स्वतः सांगणे: व्यावसायिक स्नूकरमध्ये खरोखर काय चालते?

पुणेकर_पालक

नमस्कार. माझा चौदा वर्षांचा मुलगा गेली दोन वर्षे स्नूकर शिकतो आहे. मागच्या महिन्यात कुमार गटाच्या एका क्लब स्पर्धेत जे घडले, त्यावरून आमच्या घरात आणि क्लबमध्ये अजून वाद चालू आहे, म्हणून जाणकारांना विचारावेसे वाटले.

निर्णायक फ्रेम (डाव) होती. टेबलावर पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सहाही रंगीत चेंडू शिल्लक होते, म्हणजे २७ गुण, आणि मुलगा १८ गुणांनी पुढे होता. पिवळ्या चेंडूसाठी वाकताना त्याच्या शर्टाची बाही तपकिरी चेंडूला लागली. चेंडू जेमतेम हलला असेल नसेल. मार्कर त्या वेळी गुण लिहीत होता आणि प्रतिस्पर्धी मुलगा पाणी पीत होता. माझ्या मुलाने सरळ उभे राहून सांगितले, "माझा फाउल झाला." चार गुण गेले, खेळीही गेली, समोरच्या मुलाने सहाही चेंडू पॉट केले (खिशात घातले) आणि फ्रेम तेरा गुणांच्या फरकाने हातची निसटली.

प्रशिक्षकांनी त्याची पाठ थोपटली. परंतु इतर दोन पालकांनी त्याच्यासमोरच मला सुनावले की एवढा सत्यवादी हरिश्चंद्र होण्याची काही गरज नव्हती. कोणी पाहिलाच नाही तर तो फाउल झालाच नाही, आणि जिथे लाखोंची बक्षिसे असतात तिथे व्यावसायिक खेळाडू असे मुळीच करत नाहीत. घरी आल्यावर मुलाने मला विचारले, "आई, ते खरे बोलत होते का?" मला खेळातले फारसे कळत नाही, त्यामुळे मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडू स्वतःचा फाउल सांगतात का? तसा नियम आहे, की तो केवळ शिष्टाचार आहे?

जुना_मार्कर

ताई, मी मुंबईतल्या एका जिमखान्यात अनेक वर्षे मार्कर होतो आणि स्थानिक सामन्यांत पंचगिरीही केली आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाच्या नियमाच्या बाजूविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

त्या पालकांचे बोलणे अर्धे खरे आहे आणि घोटाळा त्या अर्ध्या खरेपणातच आहे. पंचाने फाउल दिला नाही आणि पुढचा फटका मारला जाण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्यानेही तो मागितला नाही, तर तो फाउल माफ झाल्याचे मानले जाते; मागाहून गुण वळते करता येत नाहीत. पण माफ होण्यासाठी आधी तो घडलेला असावा लागतो. नियम "झालाच नाही" असे कुठेही म्हणत नाही. तो एवढेच सांगतो की आता त्याची शिक्षा देता येणार नाही, कारण एकदा पांढरा चेंडू पुन्हा धावला की टेबलाची आधीची स्थिती परत आणणे कोणाच्याही हातात राहत नाही.

आता हे पाहा की स्नूकरमध्ये पंच उभा कुठे असतो. त्याने खेळाडूच्या नजरेच्या रेषेत यायचे नसते. टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. खेळाडू चेंडूंच्या गर्दीवर वाकून, बोटांवर भार देऊन, एका लाल चेंडूवरून क्यू (खेळण्याची काठी) नेत दुसरा खेळत असेल, तर बाही, जाकिटाची कड किंवा क्यूचे टोक एखाद्या चेंडूला पुसटसे लागले हे पलीकडून दिसत नाही. ते ज्याला जाणवते तो एकटा खेळाडूच असतो. म्हणून व्यावसायिक सामन्यांत खेळाडू फटका थांबवून पंचाकडे बघतो, आपल्या बाहीकडे बोट दाखवतो आणि खुर्चीकडे चालू लागतो. दूरदर्शन संचावर नियमितपणे सामने पाहणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. त्यावर टाळ्यांचा कडकडाटसुद्धा होत नाही, कारण ते अपेक्षितच धरलेले असते. त्या पालकांना मी नम्रपणे सांगेन की त्यांची माहिती चुकीची आहे.

याच्या जोडीने आणखी एक प्रसंग मुलाला आवर्जून दाखवा, कारण मला तो स्वतःच्या कबुलीपेक्षाही अधिक बोलका वाटतो. नियमाप्रमाणे ज्या चेंडूला पांढरा चेंडू आधी लागायला हवा त्याला तो लागला नाही आणि खेळाडूने पुरेसा प्रयत्न केला नाही असे पंचाला वाटले, तर तो "फाउल आणि मिस" पुकारतो, आणि प्रतिस्पर्धी सगळे चेंडू पूर्वीच्या जागी ठेवून तोच फटका पुन्हा खेळायला लावू शकतो. ते चेंडू ठेवताना पंच दोन्ही खेळाडूंना विचारतो. आता मोठ्या स्पर्धांत पडद्यावरचे चित्र मदतीला असते, तरीही शेवटचा बोटभर फरक खेळाडूंच्या सांगण्यावरूनच ठरतो. अशा वेळी ज्याला चेंडू थोडा डावीकडे सरकला तर सुटका सोपी होणार आहे, तोच सांगतो, "नाही, अजून उजवीकडे होता." मी पंच असताना क्लबच्या पातळीवरही हे अनुभवले आहे, आणि असा खेळाडू समोर असला की पंचाचे अर्धे ओझे उतरते.

पंचालाही पथ्ये आहेत. खेळाडू चुकीच्या चेंडूवर नेम धरत आहे हे दिसत असले तरी फटका होईपर्यंत त्याने सूचक हालचालही करायची नसते. अपवाद एकच: रंग ओळखण्यात अडचण असलेल्या खेळाडूने विचारले तर चेंडूचा रंग सांगायचा. २००२ चा विश्वविजेता पीटर एब्डन याला ही अडचण होती.

शेफील्डवासी

मी नोकरीनिमित्त काही वर्षे शेफील्डमध्ये राहतो आणि क्रूसिबल नाट्यगृहात विश्वविजेतेपद स्पर्धेचे सामने जाऊन पाहिले आहेत. १९७७ पासून ही स्पर्धा तिथेच होते. नाट्यगृह लहान आहे, हजाराच्या आतच आसने, आणि पहिल्या रांगेतला प्रेक्षक खेळाडूच्या खुर्चीपासून इतका जवळ असतो की त्याचा उसासाही ऐकू यावा.

जुना_मार्कर यांच्या म्हणण्यात मी खुर्चीविषयी भर घालतो. दूरचित्रवाणीवर आपण फटके बघतो, पण प्रत्यक्षात माझे लक्ष न खेळणाऱ्याकडे अधिक जाते. प्रतिस्पर्धी एका खेळीत शंभर गुणांकडे निघालेला असतो आणि याला वीस-वीस मिनिटे हात बांधून बसावे लागते. नियमाप्रमाणे त्याने खेळणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहायचे नाही, हालायचे नाही, टेबलापासून योग्य अंतरावर बसायचे. शिष्टाचार त्यापुढे जातो. प्रतिस्पर्धी वाकला की पाण्याचा पेला उचलायचा नाही, क्यूवर चॉक घासायचा नाही, आणि अप्रतिम फटका बसला तर बोटांनी खुर्चीच्या हातावर किंवा टेबलाच्या कडेवर हलकेच टकटक करून दाद द्यायची. चेंडू भलत्याच खिशात नशिबाने गेला, तर ज्याला फायदा झाला त्याने हात वर करून दिलगिरी दाखवायची. खोटी नम्रता म्हणून कोणी तिला हसेल, परंतु मला ती प्रामाणिक वाटते: हे गुण माझ्या कौशल्याचे नाहीत, हे समोरच्याला सांगण्याचा दुसरा मार्गच नाही.

उपांत्य फेरी सुरू होईपर्यंत क्रूसिबलमध्ये दोन टेबले असतात आणि मध्ये पडदा असतो. १९८३ साली क्लिफ थॉर्बर्न या स्पर्धेतला पहिलाच १४७ चा ब्रेक (एका सलग खेळीत कमाल मानले जाणारे गुण) पूर्ण करत होता, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा त्याचा मित्र बिल वर्बेनियुक खेळ सोडून पडद्याच्या कडेने डोकावत उभा होता. आजही एका टेबलावर १४७ ची शक्यता दिसू लागली की पलीकडचे खेळाडू थांबतात.

आणि हस्तांदोलन. २००६ च्या यूके स्पर्धेत यॉर्कमध्ये रॉनी ओ'सलिव्हन स्टीफन हेंड्रीविरुद्ध १-४ असा मागे असताना फ्रेम अर्धी सोडून निघून गेला. जास्तीत जास्त सतरा फ्रेमचा सामना होता. त्याचे वागणे समर्थनीय नव्हते, पुढे २०,८०० पाउंडांचा दंडही झाला. पण जातानासुद्धा तो आधी हेंड्रीकडे गेला आणि हात मिळवून मगच बाहेर पडला. याच खेळाडूने २०२२ मध्ये जड ट्रम्पला १८-१३ हरवून सातवे विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा दोघे मिनिटभर एकमेकांना मिठी मारून उभे होते. जिंकलेला रडत होता आणि हरलेला त्याला सावरत होता.

तिसऱ्या_रांगेतून

वरील दोन्ही प्रतिसाद मला आवडले, तरी मुलापुढे चित्र एकरंगी जाऊ नये असे वाटते, कारण उद्या त्याला खरा इतिहास कळला तर आजचे सगळेच खोटे वाटेल.

व्यावसायिक स्नूकरमध्ये वाईट वागण्याची उदाहरणे भरपूर आहेत. अ‍ॅलेक्स हिगिन्स दोनदा विश्वविजेता होता, आणि त्यानेच १९८६ मध्ये स्पर्धा संचालकाला डोक्याने धडक मारली. स्टीफन ली याच्यावर २०१३ मध्ये सामनेनिश्चितीसाठी (सामन्याचा निकाल आधीच ठरवण्यासाठी) बारा वर्षांची बंदी आली. २०२३ मध्ये दहा चिनी खेळाडूंना शिक्षा झाल्या, त्यांतल्या दोघांना आजीवन. म्हणजे बाहीचा स्पर्श कबूल करण्याची संस्कृती असलेल्या खेळात संपूर्ण सामने विकलेही गेले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मला अधिक विचार करायला लावतात ते मधले प्रसंग, जिथे नियम मोडलेला नसतो. २००५ च्या विश्व स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत एब्डन ओ'सलिव्हनविरुद्ध २-८ असा मागे होता. त्याने खेळ इतका संथ केला की बारा गुणांच्या एका ब्रेकला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला; ओ'सलिव्हनने १९९७ मध्ये त्याच नाट्यगृहात संपूर्ण १४७ चा ब्रेक त्याहून कमी वेळात केला होता. एब्डन १३-११ असा जिंकला. हे डावपेच होते की अखिलाडूपणा? माझे मत असे आहे की एब्डन खरोखर गोंधळलेला होता आणि प्रत्येक फटक्यासाठी झगडत होता, म्हणून मी त्याला दोष देत नाही. मात्र मुद्दाम वेळ घालवणे नियमानेही गैर आहे. ताकीद देऊनही ते चालू राहिले तर पंच फ्रेम काढून घेऊ शकतो.

उलट बाजूची उदाहरणे ओ'सलिव्हनचीच आहेत. १९९६ मध्ये तो अ‍ॅलन रोबिडूविरुद्ध डाव्या हाताने खेळू लागला. रोबिडूला तो अपमान वाटला आणि त्याने सामन्यानंतर हात मिळवला नाही. चौकशीत ओ'सलिव्हनला डाव्या हाताने खेळून दाखवावे लागले आणि त्या हातानेही तो व्यावसायिक दर्जाचा आहे हे सिद्ध झाल्यावर आरोप मागे घेतला गेला. २०१६ च्या वेल्श ओपनमध्ये १४७ चे बक्षीस दहा हजार पाउंड एवढेच आहे हे कळल्यावर त्याने काळ्याऐवजी मुद्दाम गुलाबी चेंडू पॉट करून ब्रेक १४६ वर संपवला. प्रतिस्पर्ध्याचे त्यात काही नुकसान झाले नाही, तरीही मला ते खटकले, कारण तिकीट काढून आलेल्या माणसाला आयुष्यात कदाचित एकदाच १४७ पाहायला मिळाला असता.

शेवटी, ही सभ्यता फक्त बो टाय आणि वेस्टकोटातून आलेली आहे असे मला वाटत नाही. खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला, हे खरे, आणि पेहराव त्या जगातला आहे. पण आजचे बहुतेक मोठे खेळाडू साध्या वस्तीतल्या स्नूकर हॉलमध्ये वाढलेले आहेत. तिथे पंच नसतो. दोघेच असतात, आणि एकाला जरी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास नसेल तर फ्रेम पुढे सरकतच नाही. कबुलीची सवय तिथे लागते, मग दूरचित्रवाणीच्या दिव्यांखाली ती वेगळी शिकवावी लागत नाही.

पुणेकर_पालक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे मुलाला वाचून दाखवले. चेंडू परत जागेवर ठेवताना स्वतःच्याच विरुद्ध सांगणारा खेळाडू त्याला सर्वांत आवडला आणि त्याने तसे चित्रण शोधायला लगेच सुरुवात केली. मात्र त्याने एक प्रश्न विचारला आहे: समोरच्याचा फाउल आपल्याला दिसला, पण पंचाला दिसला नाही आणि तो खेळाडू काहीच बोलला नाही, तर काय करायचे? गप्प बसणे सभ्यपणाचे की बोलणे?

जुना_मार्कर

बोलावे, ताई, आणि लगेच बोलावे. पुढचा फटका झाला की हक्क गेला. खुर्चीतून उठून, प्रतिस्पर्ध्याकडे न बघता, पंचाकडे जाऊन हळू आवाजात सांगायचे की अमुक चेंडूला बाही लागल्यासारखे मला वाटले. "याने चोरी केली" असे म्हणायचे नाही, कारण समोरच्याला खरोखरच जाणवले नसण्याची शक्यता असते. पंच त्या खेळाडूला विचारेल. स्वतः पाहिले नसेल तर दुसऱ्या अधिकाऱ्याला किंवा नीट दिसेल अशा जागी बसलेल्या प्रेक्षकालाही विचारण्याची मुभा त्याला नियमाने आहे. त्यानंतर जो निर्णय येईल तो घ्यायचा आणि पुन्हा जाऊन बसायचे.

आणि मुलाला माझा एक निरोप द्या: पुढच्या सामन्याला बाह्या कोपरापर्यंत दुमडून किंवा मनगटाशी घट्ट बटण लावून ये. ढिली बाही हा मुलांच्या सामन्यांतला सर्वांत जास्त फाउल करणारा खेळाडू आहे.