मदत हवी आहे: लग्नाच्या ठिकाणीच फोटो झटपट एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर?

नमस्कार मंडळी. लग्नाचे फोटो काढतो. हल्ली बऱ्याच घरच्यांना त्याच संध्याकाळी पडद्यावर पन्नास-साठ फोटो दाखवायचे असतात. हातात जेमतेम दीड तास, लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, आणि दोन कॅमेऱ्यांच्या मिळून अडीच हजार रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या, जड फाइल्स).

खरा वेळ रंग सुधारण्यात जात नाही, निवडण्यात जातो. मागच्या लग्नात वधूच्या वडिलांचे डोळे भरून आले, त्याचे ओळीने अकरा फोटो होते. लॅपटॉपवर उघडताना प्रत्येक फोटो आधी धूसर, मग दोन-तीन सेकंदांनी स्पष्ट. डोळे मिटलेले आहेत की उघडे, हे कळायलाच तेवढं थांबावं लागलं. शेवटी घाईत चुकीचा निवडला गेला. ती चुटपुट अजून आहे.

फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर रॉ फाइलमध्येच असलेला तयार जेपेग फोटो दाखवतं, म्हणून ते निवडीला वेगवान, हे मला पटतं. पण मग एडिटिंगला दुसरं सॉफ्टवेअर आलंच. लाइटरूम क्लासिकमध्ये स्मार्ट प्रीव्ह्यूवर, म्हणजे मूळ फाइलऐवजी तिच्या लहान प्रतीवर, काम केलं तर लॅपटॉपवरचा भार हलका होतो, पण ते तयार व्हायलाही वेळ लागतो. कॅप्चर वन अजून हाताळलेलं नाही.

प्रत्यक्ष लग्नात, चार्जर न लावता काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: निवड आणि एडिटिंग एकाच ठिकाणी करता की वेगवेगळं? आणि दोन कॅमेऱ्यांचे त्वचेचे रंग पटकन जुळवता कसे? इंटरनेटशिवाय चालणारंच हवं.